मागोव्याला न सापडलेल्या बायका

"एक्केचाळीस," डॉक्टर नाझनीन मुजावर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा रोहिणीकडे वळवला.

"अठ्ठेचाळीस," रोहिणी म्हणाली. तिला वाटलं, वय विचारतायत.

डॉक्टर हसल्या नाहीत, पण हसू आवरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "वय नव्हे, रोहिणीताई. तुमच्यासारखी गाठ निघालेल्या शंभर बायका धरल्या, तर दहा वर्षांनी त्यातल्या एक्केचाळीस जणी आजार न उलटता जगत असतील, असं 'मागोवा' म्हणतोय."

रोहिणीने शेजारी पाहिलं. तिचा नवरा टेबलावरच्या स्तनाच्या रबरी नमुन्याकडे नजर जाऊ नये म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. नाव संग्राम पटवेगार. उभ्या जन्मात रिक्षावाल्याशीसुद्धा भांडला नव्हता.

"आणि बाकीच्या एकोणसाठ?" तिने विचारलं.

"काहींचा आजार उलटला. काही गेल्या. आणि पुष्कळ जणींचं काय झालं ते आम्हाला माहीतच नाही."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून जपून ठेवतात. पूर्वी त्यावर तीन-चार खुणा तपासायचे: पेशीवर हार्मोनचे स्वीकारक आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन जास्त आहे का, पेशी किती वेगाने दुणावतायत. त्यावरून आजाराचा स्वभाव कळायचा, पण ढोबळ. वाडा चिरेबंदी म्हणजे माणसं श्रीमंत, असं म्हटल्यासारखा. मागोवा हा संगणकातला प्रोग्राम अशा शेकडो खुणा एकदम वाचतो. मग आधीच्या हजारो बायकांच्या तुकड्यांत तशाच खुणा कुठे आहेत ते शोधतो आणि त्या बायकांचं पुढे काय झालं ते बघतो. भविष्य तो सांगत नाही. इतरांचं मागे काय झालं तेवढंच सांगतो. त्याचं भविष्य आपण करतो.

"तुमच्या खुणांचा जो संच आहे, त्याला आम्ही सातवा गट म्हणतो. आपल्या बेळगाव-कोल्हापूर-सांगलीकडे, पन्नाशीच्या आतल्या बायकांत दिसतो. बाहेरच्या देशांत जवळजवळ नाहीच. त्यामुळे आपल्याच बायकांवर विसंबावं लागतं. आणि आपल्या बायका..." डॉक्टर थांबल्या. "आमच्याकडे गाठी आहेत. बायका नाहीत."

पटवेगारांच्या घरात सकाळ-संध्याकाळ दागिन्यांच्या रेशमाला गाठी मारायचंच काम. त्यावरून रोहिणीला काहीतरी सुचावं असं कुणालाही वाटलं असतं. तिला काही सुचलं नाही. तिने विचारलं, "मग करायचं काय?"

दोन वाटा होत्या. एक सौम्य: किरण आणि गोळ्या. दुसरी जड: सहा महिने शिरेतून औषध. जड औषधाने सातव्या गटातल्या काही जणी वाचतात, पण हातापायांच्या बोटांची टोकं बधिर होतात. कुणाची वर्षभरात परत येतात, कुणाची कधीच नाही.

"साठच्या वर आकडा असता तर मी तुम्हाला गोळ्यांवर सोडलं असतं. एक्केचाळीसवर सोडायची माझी छाती नाही. महिन्याभरात सुरू करायला हवं. इथे," डॉक्टरांनी तिच्या गळ्याच्या हाडाखाली बोट टेकवलं, "कातडीच्या आत एक लहानशी डबी बसवू. औषध तिच्यातून द्यायचं. संपलं की काढून टाकतो. आडवा व्रण राहतो, बोटाच्या पेराएवढा."

संग्रामने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "डॉक्टर, ती दागिने गाठवते. साज, ठुशी, तन्मणी. तिचं सगळं बोटांत आहे. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून ओढायचं, ताण बोटाला कळला पाहिजे. कोल्हापूरच्या आख्ख्या सराफ बाजारात, गुजरीत, हातानं करणारी आता ती एकटीच."

"मला माहीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून महिना दिला."

रोहिणीचं लक्ष मात्र दोघांच्याही बोलण्यात नव्हतं. गळ्याच्या हाडाखालची ती जागा, तो पेराएवढा आडवा व्रण. तो तिने पाहिला होता. एकदाच नाही, आणि एकाच बाईच्या गळ्यावर नाही.

*

कोल्हापुरात हॉस्पिटलं काही कमी नव्हती. पण बेळगावला गुजरीतलं माणूस भेटत नाही, म्हणून बेळगाव. हा निर्णय आक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा. ऑपरेशन झालं तेही निपाणीच्या पत्त्यावर, रोहिणीच्या भावाचा फोन नंबर देऊन. शेजारीपाजारी सांगितलं, गुडघ्याचं दुखणं काढलंय, माहेरी विश्रांतीला गेलीय.

त्याला कारण होतं सई. लेकीचं सांगलीत ठरत आलं होतं. आता पत्रिकेच्या जोडीला जनुकांचा अहवालही मागतात. सईचा अहवाल स्वच्छ होता. रोहिणीचा आजार आईकडून लेकीकडे जाणारा नव्हे, हेही डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं: गाठीतल्या खुणा गाठीच्या, रक्तातून वारशाने येतात त्या वेगळ्या. पण आक्का म्हणाल्या, "डॉक्टरीण सांगंल गं. सांगलीच्या त्या बाईला कोण सांगणार? घरात कॅन्सर म्हटलं की माणसं पुढचं ऐकत न्हाईत. लगीन होऊ दे. मग काय दवंडी पिटायची ती पिट."

निपाणीला भावाच्या ओसरीवर रोहिणी चहा पीत बसली होती. दादाचा फोन वाजला. त्याने तो उचलून समोरच्या खुर्चीवर टेकवला. एका गोड यांत्रिक बाईने विचारलं, "नमस्कार. मागोवा केंद्रातून बोलतेय. रोहिणी पटवेगार यांची तब्येत कशी आहे? त्या बोलू शकतील का?"

"कोण रोहिणी? राँग नंबर," दादा म्हणाला आणि फोन बंद करून त्याने कडक बटर चहात बुडवलं.

रोहिणी त्याच्याकडे बघतच राहिली. "दादा, मी इथं बसलेय."

"बसलीयस की. म्हणून सांगायचं काय? उद्या तो नंबर कुणाकडं जाईल, कुणी सांगलीत बोलेल. आमच्या मेहुणीच्या वेळी पण असंच. तिचा भाऊ तर फोनवर म्हणायचा, ही फरसाणाची भट्टी आहे." दादा स्वतःच्याच विनोदावर हसला. "घरोघरी हेच चालतं गं."

"मेहुणी म्हणजे आपली पुष्पा?"

"व्हय. आता रोज सहा किलोमीटर चालते. मला ऐकवते, पोट सुटलंय म्हणून."

चहा गार झाला. रोहिणीने आत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, आमच्या दादानं तुमच्या मशीनला मी नाही म्हणून सांगितलं. आता मी कशात धरली जाणार?"

"तीनदा असं झालं की, हरवलेल्यांत."

"आणि हरवलेल्या?"

"वाईट बाजूला झुकवून धरतो आम्ही त्यांना. चांगल्या धरल्या आणि नसल्या, तर तुम्हाला खोटा धीर दिल्यासारखं होईल. मागोवा जिथे शिकला, त्या देशांत फोन न उचलणारी बाई बहुतेक करून फार आजारी असायची, नाहीतर गेलेली. ते त्याने पाठ केलंय."

"आमच्याकडं फोन न उचलणारी बाई चालायला गेलेली असते, डॉक्टर. भाऊ फोन उचलतो आणि तिला लपवतो."

मग डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "मला ही शंका वर्षभर आहे. मी तसं लिहूनही पाठवलं. पण शंकेवर आकडा बदलता येत नाही, रोहिणीताई. माणसं लागतात. घरोघरी जाऊन विचारायला माणूस पाठवला, तर दारातच सांगतात, इथे असं कुणी नाही."

"समजा एखादी सापडली आणि तिला नाव सांगायचं नसलं तर?"

"नाव लागतच नाही. रक्ताचा एक थेंब पुरे. मेणातल्या तुकड्याशी तिचा डीएनए जुळला, की बाई सापडली. गावही नको, नवऱ्याचं नावही नको. तिची संमती तेवढी हवी, आणि मला वरून परवानगी काढावी लागेल."

"काढा," रोहिणी म्हणाली.

*

गुजरीच्या कडेला, जिन्याखालच्या गाळ्यात पटवेगारांचं दुकान. आत एका वेळी दोन गिऱ्हाईकं मावतात, आणि तिसरं आलं तर संग्राम बाहेर जातो. दागिना गाठवायचा तर गळ्याचं माप घ्यावं लागतं, आणि माप घेताना पदर बाजूला करावा लागतो. चोवीस वर्षांत बायकांचे गळे रोहिणीला चेहऱ्यांपेक्षा जास्त पाठ झाले होते.

गडहिंग्लजच्या सुजातावहिनी चौगुले आल्या, तेव्हा ती रेशमाला पीळ देत होती. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता.

"गुडघा दुखत होता म्हणं," वहिनी म्हणाल्या. "आणि हात का असा धरलायस?"

रोहिणीने संग्रामला चहा आणायला पाठवलं. ठुशीचं माप घ्यायला दोरा वहिनींच्या गळ्याभोवती टाकला, आणि गळ्याच्या हाडाखालच्या आडव्या रेघेशी तिचं बोट थांबलं.

"वहिनी, हे कशाचं?"

"थायरॉइडचं."

"थायरॉइडचं इथं वर असतंय."

"मी ठुशी गाठवायला आलेय का तपासायला?" वहिनींनी पदर ओढून घेतला. आवाज चढला नव्हता, पण दुसऱ्या दुकानाचा पत्ता माहीत असलेल्या बाईचा झाला होता.

रोहिणीने दोरा खाली ठेवला. "माझा गुडघा एकदम चांगला आहे, वहिनी. उजवीकडची गाठ काढलीय, बेळगावला. आता मला पण इथं डबी बसवायची म्हणतायत."

बाहेर कुणीतरी सोन्याचा भाव ओरडत गेलं. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे पाहिलं.

"बोटं जातात," त्या हळूच म्हणाल्या. "माझी अजून नीट नाहीत. चपातीचा चटका कळत नाही. सुनेला वाटतं, सासूबाई केवढ्या सोशिक."

दोघी हसल्या. हसता हसता वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी ठुशीवर पडू दिलं नाही. अकरा वर्षं झाली होती. मिरजेला, माहेरच्या नावावर उपचार घेतले होते. नवऱ्याला ठाऊक, बाकी सासरी अजून कुणाला नाही. मागोव्याचा फोन? यायचा की. भाऊ घ्यायचा.

"म्हणजे तुम्ही जिवंत आहात हे त्या मशीनला माहीत नाही."

"त्याला कळून काय माझा सत्कार करणार आहे?"

"त्याला नको. मला कळायला पाहिजे. तुमच्यासारख्या सापडल्या तर माझा आकडा खरा निघेल. तो वर निघाला तर माझी बोटं वाचतील. नाही निघाला, तर डबी बसवून घेईन, पण मग उगीच बसवली असं तरी वाटणार नाही. रक्ताचा एक थेंब लागेल, परवानगी आली की."

वहिनींनी खूप वेळ विचार केला. मग हात पुढे केला. "नाव नाही ना सांगायचं?"

"नाही."

"मग घे. आणि ठुशी जरा सैल कर. मागच्या वेळी आवळ झाली होती."

*

परवानगी आली. बेळगावहून रक्ताचे थेंब टिपायचे कागद आले, शेजारच्या डॉक्टरांच्या नर्सने थेंब घ्यायचं कबूल केलं. पण एकेकीचा पदर बाजूला करून किती जणी सापडणार, आणि किती वेळात? ओळखीच्या गळ्यांपैकी चौघी आल्या. दोघींनी तर नंतर दुकानाच्या रस्त्यावरून जाणंच सोडलं.

रोहिणीने एक पाटी लिहिली. मोठ्या अक्षरांत, रेशमाच्या गुंड्यांच्या वर टांगायला.

"मला स्तनाचा कर्करोग झाला आहे. ज्यांना होऊन गेला त्यांनी आत यावं. दागिना आणलाच पाहिजे असं नाही."

आक्कांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "ही लावायची नाही."

"आक्का, न लावता कुणी येणार नाही. मी लपून बसायचं आणि त्यांना बाहेर या म्हणायचं, हे कसं चालेल?"

"आणि सईचं? सांगलीला कळायला दुपार लागणार न्हाई."

"सईलाच विचारू."

सई पुण्याला होती. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. मागे तिच्या ऑफिसातल्या मशीनचा कॉफी गाळल्याचा आवाज येत होता.

"आई, तू मला गुडघा सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"मलासुद्धा."

आक्कांनी फोन ओढून घेतला. "पोरी, तुझ्याच भल्यासाठी. ती माणसं थांबू म्हणतील."

"थांबू दे की आजी. कशाकशाला थांबतात ते मला आत्ताच बघू दे. लग्नानंतर मला काही झालं तर मी पण निपाणीच्याच पत्त्यावर जायचं का?"

आक्का फोन रोहिणीच्या हातात देऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा संग्राम स्टुलावर चढून पाटी टांगत होता. वाकडी लागली होती. खाली उभ्या राहून आक्का म्हणत होत्या, "डावीकडं. अरे तुझं डावीकडं नव्हं, माझं."

सांगलीहून संध्याकाळी निरोप आला. जरा थांबू या, म्हणाले. मुलगा मात्र सईला रोज फोन करत राहिला. त्याच्या आईला माहीत होतं की नाही कुणास ठाऊक.

पहिले दोन दिवस पाटी वाचून लोक नुसते पुढे गेले. शेजारच्या सराफाने सुचवलं, धंद्याच्या जागी अशुभ लिहू नये. संग्राम त्याला म्हणाला, "तुमच्या दारावर गहाण सोडवून मिळेल असं लिहिलंय, ते काय शुभ आहे?" ते ऐकून रोहिणीच्या हातातला मणी सुटला. चोवीस वर्षांत नवऱ्याचं हे पहिलं भांडण, आणि तो ते जिंकला होता.

तिसऱ्या दिवशी एक बाई मंगळसूत्र वाढवायच्या निमित्ताने आली. मग तिची नणंद. मग कागल, मुरगूड, जयसिंगपूर. कुणी नुसताच हात पुढे करायची, कुणी सगळं सांगितल्याशिवाय हलायची नाही. आक्का दारात खुर्ची टाकून बसायला लागल्या. कोण कुठली हे अजिबात विचारायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती, आणि त्या फक्त एवढंच विचारायच्या, "चहात साखर चालते न्हवं?" निपाणीहून पुष्पा आली, दादाला बरोबर घेऊन. त्याने रोहिणीकडे न बघता फरसाणाचा पुडा आक्कांच्या हातात ठेवला.

एक दिवस वडगावचा एक गृहस्थ आला. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुना कंगवा होता.

"बहिणीचा आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "केस आहेत त्यात. त्यावरून कळतं म्हणतात. ती नाही आता. तिसऱ्याच वर्षी उलटलं. ती होती तोवर फोन यायचा, मीच नाही म्हणायचो. ती गेल्यावर एकदा आला, तेव्हाही तोंडातून तेच निघालं." त्याने पिशवी पुढे केली, मग जरा मागे घेतली. "पण ताई, हिच्यामुळं तुमचा आकडा खाली येईल."

रोहिणीने पिशवी दोन्ही हातांनी घेतली.

"येऊ दे दादा. तीही आमच्यातलीच आहे. तिला वगळून मला आकडा नको. नाव काय तिचं?"

"नाव सांगायचं नसतं ना?"

"मशीनला नसतं. मला सांगा."

"भारती," तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे स्टुलावर बसला.

*

बेळगावला जायच्या दिवशी आक्काही निघाल्या. तपासणीच्या खोलीत डॉक्टरांची धरून तीनच खुर्च्या होत्या. संग्राम सवयीने उभा राहिला.

डॉक्टर मुजावरांनी पडदा वळवला. "सगळ्या सातव्या गटातल्या नव्हत्या. पण जेवढ्या निघाल्या, त्यांनी पुष्कळ बदललं. हरवलेल्या म्हणून ज्या धरल्या होत्या, त्यातल्या सापडलेल्या बहुतेक जणी ठणठणीत आहेत, नुसत्या गोळ्यांवर राहिलेल्याही. ज्यांचा कंगवा आला त्या धरून तिघी गेलेल्या आहेत. त्यांनाही मोजलंय. आणि पाटी बघायला फक्त जिवंत बाईच येते, हा झुकावही वजा केलाय. म्हणून मी सांगते तो आकडा हात राखून आहे."

"किती?"

"सदुसष्ट."

आक्कांनी विचारलं, "म्हणजे पास ना गं?"

"पास-नापास नसतं, आक्का. शंभरातल्या तेहतीस अजूनही आहेतच. फक्त आता जड औषध घेतलं तर शंभरात तीन-चार जणींचाच फायदा दिसतो. आधी तो खूप मोठा वाटत होता." डॉक्टर रोहिणीकडे वळल्या. "दोन्ही वाटा मला मान्य आहेत. गोळ्या घेतल्या तर दर तीन महिन्यांनी रक्तात गाठीचे अंश शोधू. काही दिसलं तर जड औषध आहेच. दुसऱ्या गावांतल्या दोन डॉक्टरांनी मला तुमच्या पाटीचा मजकूर मागितलाय, तो द्यायचा का हे तुम्ही सांगा. पण आधी हे ठरवा. त्या तीन-चार जणींतली तुम्ही असाल, तर? हा विचार करून सांगा."

रोहिणीने विचार केला. तिला सुजातावहिनींची चपाती आठवली, पुष्पाचं चालणं आठवलं, भारतीचा कंगवा आठवला. आपण त्यातल्या कुठल्या, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. मागोवा नाही, पत्रिका नाही, आक्काही नाहीत. तिने अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. त्वचेची प्रत्येक रेघ जागी होती.

"गोळ्या," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

"भीती वाटत नाही?"

"वाटते की," रोहिणी म्हणाली. "पण मागच्या वेळची भीती दुसऱ्याच कुणाच्या गळ्याचं माप घेऊन केलेली होती, डॉक्टर. ही माझ्या मापाची आहे. ही मला घालता येईल."